रुबिकचा घन आणि पाठ केलेली सूत्रे

मी आठवीत असताना जत्रेतून आणलेला एक रुबिकचा घन आमच्या घरी होता. आत काय यंत्र आहे ते पाहण्यासाठी मी चमच्याच्या दांड्याने त्याचा एक तुकडा उचकटला आणि सगळे तुकडे फरशीवर विखुरले. ते गोळा करून, जसे बसतील तसे, परत बसवले. रंगांची सरमिसळ झाली होती, पण त्याचे काही वाटले नाही, कारण आतेभावाने पुण्याहून घन सोडवण्याच्या सात सूत्रांचा झेरॉक्स केलेला कागद पाठवला होता. कागद पाठ केला. पहिला थर जमला, दुसरा जमला, तिसऱ्यात शेवटाला येऊन मात्र एक कोपरा वाकडा राहिला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. पाठांतरात काहीतरी चूक होत असणार असे समजून मी तो कागद कित्येक आठवडे घोकत राहिलो.

चूक पाठांतरात नव्हती. ती कुठे होती ते कळायला मला आणखी काही वर्षे लागली. पण या खेळात पाठ करणे आणि समजणे यांचे नाते नेमके काय आहे, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. घन वेगाने सोडवण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या याचा इतिहास पाहिला, की वर्गात नेहमी उपस्थित होणाऱ्या या प्रश्नाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहता येते.

एर्नो रुबिक हे बुडापेस्टच्या उपयोजित कला अकादमीत शिकवत. वास्तुकला हा त्यांचा विषय. १९७४ च्या वसंतात त्यांनी लाकडाचा पहिला घन केला. छोटे तुकडे स्वतंत्रपणे फिरावेत, पण सगळे मिळून एकसंध राहावेत, अशी रचना करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. बाजूंना रंग दिले, चार-सहा वेळा फिरवले आणि मग लक्षात आले की मूळ जागी परतायची वाट आपल्यालाही माहीत नाही. ती सापडायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. जगात घन सोडवणारा हा पहिला माणूस. त्याच्यापुढे ना कागद होता ना गुरू. इतकेच काय, उत्तर मुळात सापडेल की नाही, हेही सांगणारे कोणी नव्हते.

१९७५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७७ च्या अखेरीस बुडापेस्टच्या दुकानांत ‘जादूचा घन’ या अर्थाच्या हंगेरियन नावाने हे खेळणे विकायला आले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला जागतिक गणित परिषद भरली. तिथे काही हंगेरियन गणितज्ञांच्या खिशातून हे घन पोहोचले आणि लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे डेव्हिड सिंगमास्टर यांच्या ते नजरेस पडले.

सिंगमास्टर यांनी घनाला लिपी दिली, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये. घन कसा फिरवायचा हे शब्दांत सांगणे फार किचकट होते. त्यांनी प्रत्येक बाजूला एक अक्षर दिले आणि त्या अक्षराचा अर्थ ठरवला : ती बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा. इंग्रजीत ‘मागची’ आणि ‘तळाची’ या दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच, म्हणून त्यांनी वरच्या व खालच्या बाजूंसाठी शब्दच बदलून घेतले. आपल्याकडे ही अडचण नाही. उजवी, डावी, वरची, खालची, पुढची, मागची : सहाही आद्याक्षरे वेगळी! तेव्हा इथे आपण मराठी लिपीच वापरू. ‘उ’ म्हणजे उजवी बाजू पाव फेरा, ‘उ'’ म्हणजे तीच उलट दिशेने. ‘व’ आणि ‘व'’ वरच्या बाजूसाठी.

लिपी आल्यावर सूत्रे लिहिता येऊ लागली, पत्राने पाठवता येऊ लागली, ताडून पाहता येऊ लागली. संगीताला स्वरलेखन मिळावे तसे हे झाले. सिंगमास्टर यांच्या टिपणांची पुस्तिका १९७९ पासून निघू लागली, आणि प्रत्येक आवृत्तीत कोणाकोणाकडून आलेल्या नव्या युक्त्यांची भर पडत गेली. १९८० पासून अमेरिकेतील एका कंपनीने ‘रुबिक्स क्यूब’ या नावाने घन जगभर विकायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी पुस्तकांचा पूर आला. स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ जेम्स नूर्स यांचे छोटेखानी पुस्तक १९८१ साली अमेरिकेत साठ लाखांहून अधिक खपले. इंग्लंडमध्ये पॅट्रिक बॉसर्ट या बारा वर्षांच्या शाळकरी मुलाच्या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. मोठी माणसे लहान मुलाचे पुस्तक उघडून शिकत बसली होती, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे दृश्य आहे.

आता सूत्र काम कसे करते ते पाहू. हातात घन असेल तर उत्तम. घनाला कोपऱ्यांचे ८ आणि कडांचे १२ तुकडे असतात. सहा बाजूंचे मधले तुकडे एकमेकांच्या संदर्भात जागा सोडत नाहीत, त्यामुळे कोणती बाजू कोणत्या रंगाची हे तेच ठरवतात. सुटलेल्या घनावर हे करा :

उ व उ' व'

उजव्या आणि वरच्या बाजूंवर मिळून १३ तुकडे आहेत. हे चार फेरे झाल्यावर पाहिले तर त्यांतले सातच हललेले दिसतात, कडांचे तीन आणि कोपऱ्यांचे चार. बाकीचे सहा घरी परतलेले असतात. एक गोष्ट करा, दुसरी करा, मग पहिली उलटवा, दुसरी उलटवा. दोन्हींचा एकमेकींशी काहीच संबंध नसता तर सगळे जिथल्या तिथे आले असते. उजवी आणि वरची बाजू यांच्यात सामाईक असलेले तुकडे तीनच, म्हणून उरलेली उलथापालथही थोडीच. हेच चार फेरे तीनदा केले की सगळ्या कडा जागेवर येतात आणि चार कोपरे जोडीजोडीने अदलाबदल झालेले दिसतात. सहांदा केले की घन पूर्ववत! नुसते ‘उ व’ पुन्हा पुन्हा केले तर मात्र १०५ वेळा करावे लागते. (विद्यार्थ्यांना तिसाच्या आसपास धीर सुटतो, आणि मोजणी चुकली तर तक्रार मास्तरांकडे येते.) कडा सातांच्या चक्रात फिरतात, पाच कोपरे पंधरांच्या आणि एक कोपरा जागीच तिनांच्या; ३, १५ आणि ७ यांचा लसावि १०५. लसावि प्रत्यक्ष हातात धरून दाखवता येईल अशी इतकी चांगली उदाहरणे थोडी आहेत.

दुसरी युक्ती रेल्वेच्या यार्डातल्या शंटिंगसारखी आहे. जो डबा दुरुस्त करायचा तो आधी योग्य रुळावर आणायचा, काम करायचे, आणि ज्या वाटेने आणला त्याच वाटेने परत न्यायचा. घनातही नको असलेला तुकडा सोयीच्या जागी आणून, ठरलेले सूत्र चालवून, आणलेले फेरे उलटवतात. या दोन युक्त्या समजल्या की एकही सूत्र पाठ न करता घन सुटतो. वेळ लागतो, पण सुटतो. मग लोक पाठ का करू लागले?

कारण घड्याळ आले. ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९ देशांचे १९ स्पर्धक होते. लॉस एंजेलिसचा सोळा वर्षांचा मिन्ह थाय हा व्हिएतनामी मूळ असलेला मुलगा २२.९५ सेकंदांत घन सोडवून जिंकला. त्याच स्पर्धेत चौथा आला स्वीडनचा लार्स पेट्रुस आणि दहाव्या क्रमांकावर होत्या चेकोस्लोव्हाकियाच्या जेसिका फ्रिडरिच. पुढच्या इतिहासात विजेत्यापेक्षा या दोघांची नावे अधिक येतात.

बहुतेक सगळे स्पर्धक थराथराने घन सोडवत. खालचे दोन थर डोके चालवून लावता येतात, कारण अजून मोकळी जागा असते. अडचण शेवटच्या थराची. तिथे काहीही हलवले तरी खालचे मोडते, म्हणून तयार सूत्रे लागतात. ती किती लागतील? हे गणित बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे, आणि माझ्या आठवीतल्या कोड्याचे उत्तरही त्यातच आहे.

शेवटच्या थरात चार कोपरे आणि चार कडा. प्रत्येक कोपरा आपल्या जागी तीन प्रकारे बसू शकतो. पण बाजू फिरवून कोपऱ्यांना मिळणाऱ्या पिळांची बेरीज नेहमी तिनाच्या पटीतच राहते. तीन कोपरे कसे आहेत ते कळले, की चौथ्याला निवड उरत नाही. म्हणून ३ × ३ × ३ = २७ प्रकार. कडांचे तसेच : तीन कडा मोकळ्या, चौथी बांधलेली, म्हणून ८. एकूण तोंडे फिरण्याचे प्रकार २७ × ८ = २१६. जागांची अदलाबदल पाहिली तर कोपऱ्यांचे २४ आणि कडांचे २४ क्रम होतात, पण त्यांतले निम्मेच शक्य आहेत, कारण दोनच तुकड्यांची अदलाबदल घन होऊ देत नाही. उरले २८८. दोन्हींचा गुणाकार ६२,२०८. वेगवेगळ्या कोनांतून पाहिलेली एकच स्थिती वेगळी धरली नाही, तरी सुमारे ३,९०० स्थिती राहतात. शेवटचा थर एका सूत्रात सोडवायचा तर तेवढी सूत्रे पाठ हवीत.

आता काम दोन पायऱ्यांत करा. आधी फक्त तोंडे सरळ करायची, म्हणजे वरचा सगळा रंग एक. मग फक्त जागा बदलायच्या. पहिल्या पायरीच्या स्थिती भरतात ५७ आणि दुसरीच्या २१. एकूण ७८! आणखी फोडून चार पायऱ्या केल्या (कडांची तोंडे, कोपऱ्यांची तोंडे, कोपऱ्यांच्या जागा, कडांच्या जागा) तर ३ + ७ + २ + ४ = १६ सूत्रांत भागते. गुणाकाराच्या जागी बेरीज आणणे, एवढीच ही किमया. पायऱ्या वाढवल्या की पाठ करायचे कमी, पण फेरे जास्त. पायऱ्या कमी केल्या की उलट. घन वेगाने सोडवण्याचा इतिहास बव्हंशी या १६, ७८ आणि ३,९०० यांमधल्या ओढाताणीचा आहे.

फ्रिडरिच यांनी ७८ ची वाट धरली. खाली एक फुली, मग पहिले दोन थर कोपरा-कड अशा जोड्यांनी एकदम, मग ५७ पैकी एक सूत्र, मग २१ पैकी एक. यातला प्रत्येक भाग त्यांनी एकट्यांनीच शोधला असे नाही. जोड्यांची कल्पना आणि इतर काही तुकडे त्याच सुमारास नेदरलँड्समधील व अन्य घनप्रेमींनाही सुचले होते. पण सगळ्या पायऱ्या एकत्र गुंफून सूत्रांचा पूर्ण संच त्यांनी मांडला आणि १९९७ मध्ये इंटरनेटवर खुला केला, म्हणून पद्धतीला त्यांचे नाव पडले. मधल्या काळात घनाची लाट ओसरून गेली होती. त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टरेट मिळवून बिंगहॅम्टन विद्यापीठात दाखल झाल्या, आणि डिजिटल छायाचित्रात फेरफार झाला आहे का हे ओळखण्याच्या शास्त्रात त्यांनी मोठे काम केले. १९८२ नंतरची जागतिक स्पर्धा एकदम २००३ मध्ये टोरोंटोला झाली. तिथे डॅन नाइट्स पहिले आले आणि एकवीस वर्षांनी परतलेल्या फ्रिडरिच दुसऱ्या.

पेट्रुस यांचे म्हणणे वेगळे होते. थर लावायचा, मग पुढच्या कामासाठी तोच मोडायचा आणि परत जोडायचा, हे त्यांना मुळातच चुकीचे वाटे. त्यांनी एका कोपऱ्यात २ × २ × २ चा ठोकळा बांधून तो वाढवत नेण्याची पद्धत काढली. त्यात सूत्रे थोडी, फेरे कमी आणि विचार जास्त. मला स्वतःला ही पद्धत अधिक सुंदर वाटते. पण स्पर्धांमध्ये बहुसंख्य स्पर्धक गेले ते फ्रिडरिच यांच्या वाटेने, आणि त्याला कारण आहे. विचार करताना हात थांबतात. पाठ असलेले सूत्र चालू असताना मात्र हात फिरत राहतात आणि डोळे पुढची जोडी शोधायला मोकळे होतात. पाढे पाठ असलेला मुलगा भागाकारात पुढे जातो तो याच कारणाने.

स्पर्धक या सूत्रांना ‘अल्गोरिदम’ म्हणतात, तेव्हा गणिताच्या माणसाला किंचित खटकते. नवव्या शतकात बगदादमध्ये भारतीय अंकांनी हिशेब करण्याची रीत लिहिणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. ‘अमुक दिसले तर तमुक करा’ असा निर्णय त्यात अपेक्षित असतो. नुसत्या फेऱ्यांच्या माळेत तो नाही. तो आहे ७८ चित्रांच्या संपूर्ण यादीत. तेव्हा खरा अल्गोरिदम म्हणजे ती यादी. असो.

गणितज्ञ दुसऱ्याच प्रश्नामागे होते : कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त किती फेऱ्यांत सुटका होते? घनाच्या एकूण शक्य स्थिती ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० म्हणजे सुमारे ४.३ × १०^१९. आपली जुनी संख्यानामे परार्धापाशी, म्हणजे १०^१७ वर संपतात, आणि इथे चारशे बत्तीस परार्धांहून जास्त आहेत. लंडनचे मॉर्वेन थिसल्थ्वेट यांनी १९८१ च्या सुमारास हे काम चार टप्प्यांत वाटले. प्रत्येक टप्प्यानंतर काही बाजूंना फक्त अर्धा फेरा करण्याचीच मुभा. टप्प्यांतल्या स्थिती अनुक्रमे २,०४८, १०,८२,५६५, २९,४०० आणि ६,६३,५५२. गुणाकार केला तर सगळे ४.३ × १०^१९ मिळतात. बेरीज केली तर पावणेअठरा लाखांच्या आसपास! स्पर्धकाने शेवटच्या थराचे जे केले तेच त्यांनी अख्ख्या घनाचे केले. उत्तर आले, ५२ फेरे पुरेत. फक्त तक्ते इतके मोठे की ते माणसाने पाठ करण्यातले नव्हते.

१९९२ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील गणिताचे शिक्षक हर्बर्ट कोसिएम्बा यांनी चार टप्प्यांचे दोन केले. पायऱ्या कमी, पाठ जास्त, फेरे कमी : तोच सौदा, फक्त पाठ करणारा आता संगणक होता. १९९५ मध्ये मायकेल रीड यांनी एक स्थिती वीस फेऱ्यांशिवाय सुटतच नाही हे दाखवले. आणि जुलै २०१० मध्ये टॉमस रोकिकी, कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथ्रिज यांनी गूगलने दिलेला, एका संगणकाची ३५ वर्षे भरतील इतका वेळ वापरून सिद्ध केले की वीस फेरे नेहमीच पुरतात. अर्धा फेराही यात एकच धरला आहे.

फ्रिडरिच पद्धतीने सोडवणाऱ्याला साधारण ५५ ते ६० फेरे लागतात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्क याने घन ३.१३ सेकंदांत सोडवला, आणि २०२५ मध्ये चीनच्या श्वान्यी गंग या लहान मुलाने ३.०५ सेकंदांत. असे विक्रम नशिबाने थोड्या फेऱ्यांत सुटणाऱ्या स्थितीवर होतात हे खरे, आणि आजचे घनही आमच्या जत्रेतल्यासारखे करकरत नाहीत. पण आघाडीच्या काही स्पर्धकांनी ७८ वर थांबायचे नाकारून आणखी चारशेहून अधिक सूत्रे पाठ केली आहेत, हेही खरे. ३,९०० च्या दिशेने माणूस अजून चालतोच आहे.

राहिला माझा वाकडा कोपरा. सुटे केलेले तुकडे कसेही बसवले, तर कोपऱ्यांचा पीळ तीनपैकी एकदाच बरोबर येतो, कडांचा दोनपैकी एकदा आणि जागांचा क्रम दोनपैकी एकदा. ३ × २ × २ = १२. म्हणजे माझा घन सुटण्याची शक्यता बारात एक होती. सात सूत्रांचा कागद हे सांगू शकत नव्हता.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत हे सगळे फळ्यावर मांडायचे म्हणून मी एक कोपरा मुद्दाम पिळलेला घन घेऊन गेलो होतो. तिथे एका शिक्षिकेबरोबर तिची नववीतली मुलगी आली होती. तिला सगळी सत्तावन्न चित्रे येतात असे कळले, म्हणून घन तिच्याच हातात दिला. मिनिटभरात तिचे दोन थर झाले. शेवटच्या थराकडे तिने एकदा पाहिले, घन फिरवून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, ह्याचा कोपरा कोणीतरी फिरवलाय.’’

पिळांची बेरीज वगैरे तिला कोणी सांगितले नव्हते. कशावरून म्हणतेस, असे विचारले.

‘‘हे चित्रच नाहीये,’’ ती म्हणाली, आणि अंगठ्याने कोपरा जागच्या जागी कट्‌कन फिरवून तिने उरलेली दोन सूत्रे पूर्ण केली.